भास्कराचार्यांचे गाव : माहिती पुरेशी आहे काय?

आमच्या शाळेच्या सभागृहात शिरले की डाव्या हाताच्या भिंतीवर गणितज्ञांची आणि शास्त्रज्ञांची नावे रंगवलेली दिसतात. नाव, जन्म, गाव आणि एका ओळीत कार्य. त्यात दुसरेच नाव भास्कराचार्यांचे आहे. त्याखाली बरीच वर्षे 'जन्म इ. स. १११४, पाटण, महाराष्ट्र' अशी ओळ होती. ती ओळ १९९६ साली मीच रंगाऱ्याला लिहून दिली होती. तेव्हा मी शाळेत नवीन होतो. एम. ए. इतिहासाचा, पण गणिताला शिक्षक मिळेना म्हणून आठवी-नववीचे बीजगणितही माझ्याकडे आले आणि पुढे ते सुटलेच नाही. रंगाऱ्याने 'महाराष्ट्र' हा शब्द इतर अक्षरांपेक्षा बोटभर मोठा काढला. मी त्याला तसे सांगितले नव्हते, पण थांबवलेही नाही. बेळगावच्या वडगावात मराठी शाळेच्या भिंतीवर तो शब्द मोठा दिसला तर कोणाचे काय बिघडले, असे तेव्हा वाटले होते.

त्या ओळीला पहिला धक्का लागला तो इतिहासाच्या तासाला नव्हे, बीजगणिताच्या.

शाळा सोडून गेलेली काही मुले-मुली बँकेच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी संध्याकाळी शाळेत बसत. बहुतेक विणकरांच्या घरची. घरात मागाचा खडखडाट, म्हणून अभ्यासाला शाळेचा वर्ग बरा पडे. त्यांच्या पुस्तकात एक प्रकार होता, त्याला 'डेटा सफिशिअन्सी' म्हणतात. मराठीत 'माहितीची पर्याप्तता' असे जड नाव आहे. मी 'पुरेशी माहिती' म्हणतो. हा प्रकार आमच्या पिढीला माहीत नव्हता. आम्हाला उदाहरण द्यायचे आणि उत्तर काढ म्हणायचे. उत्तर आहेच, हे गृहीतच. इथे मात्र उत्तर काढायचेच नाही. एक प्रश्न दिलेला असतो आणि त्याखाली दोन विधाने. सांगायचे ते एवढेच, की पहिले विधान एकटे पुरते काय, दुसरे एकटे पुरते काय, दोन्ही मिळून पुरतात काय, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

मुले सर्वांत जास्त अडखळत ती वर्ग, घन, घातांक आणि मुळे आली की. उदाहरण घ्या. प्रश्न : क्षची किंमत किती? पहिले विधान : क्षचा वर्ग १६ आहे. दुसरे विधान : क्षचा घन ६४ आहे. दहापैकी आठ मुले म्हणतात, दोन्ही विधाने वेगवेगळी पुरतात, कारण दोन्हींतून ४ येतात. पण वर्ग १६ असलेल्या संख्या दोन आहेत, ४ आणि उणे ४. म्हणून पहिले विधान पुरत नाही. घन मात्र चिन्ह राखतो. उणे ४ चा घन उणे ६४ होईल, म्हणून दुसरे विधान एकटे पुरते. सम घात चिन्ह गिळून टाकतो आणि विषम घात ते जपतो, एवढीच गोष्ट, पण ती हाडात मुरायला महिना लागतो.

आणखी एक. क्षचा य घात ६४ आहे, तर क्ष किती? काहीच सांगितले नसेल तर उत्तरांना अंत नाही. दोन्ही धन पूर्णांक आहेत असे सांगितले तर ६४ चा पहिला घात, ८ चा दुसरा, ४ चा तिसरा आणि २ चा सहावा, अशा चारच शक्यता उरतात. त्यात 'य विषम असून १ पेक्षा मोठा आहे' एवढी भर घातली की क्ष ४ ठरतो. 'पूर्णांक आहे' हे पाच अक्षरांचे शब्द मुले वाचतच नाहीत, ते सजावटीसाठी घातलेत असे त्यांना वाटते. खरे तर तीसुद्धा माहितीच असते, आणि पुष्कळदा सर्वांत मोलाची.

मी त्यांना एक युक्ती सांगत असे. घातांकाचे कोणतेही विधान दिसले की चार पाहुण्यांना दारात उभे करा : शून्य, एक, एकापेक्षा लहान अपूर्णांक आणि ऋण संख्या. 'कोणत्याही संख्येचा वर्ग त्या संख्येहून मोठा असतो' असे कोणी म्हणाले, तर अर्धा पुढे येऊन सांगेल की माझा वर्ग पाव आहे, माझ्याहून लहान. शून्य आणि एक म्हणतील, आमचे वर्ग आमच्याएवढेच. चौघांनाही विचारल्याशिवाय हो म्हणायचे नाही.

आणि शेवटचे, ज्यावरून हा लेख सुरू झाला. माहिती पुरेशी आहे की नाही हे माहितीवर नव्हे, प्रश्नावर ठरते. क्षचा वर्ग १६ आहे, ही माहिती 'क्ष किती?' या प्रश्नाला पुरत नाही. पण 'क्षचा चौथा घात किती?' असे विचारले तर तीच माहिती पुरते, उत्तर २५६. 'क्ष ५ पेक्षा मोठा आहे काय?' असे विचारले तरीही पुरते, कारण ४ असो की उणे ४, उत्तर ठामपणे नाही असेच येते. ठाम 'नाही' हेही पूर्ण उत्तर आहे, हे मुलांना पटवताना मला फार बोलावे लागे.

एके दिवशी पाऊस होता, वर्गात गळत होते, म्हणून आम्ही सभागृहात बसलो. मी हेच सांगत होतो. एक मुलगी भिंतीकडे पाहत होती. तिची एक मैत्रीण कन्नड माध्यमात शिकलेली, दोघी मिळून परीक्षेची तयारी करीत. तिने विचारले, "काय ओ सर, तिच्या पुस्तकात भास्कराचार्य बिजापूरचे आहेत म्हणून आहे. आपल्या भिंतीवर पाटण आहे. ह्याला माहिती पुरेशी आहे काय?"

मी तिला उद्या सांगतो म्हणालो. सांगायला पुढचे वर्ष उजाडले.

भास्कराचार्यांनी स्वतःविषयी फार थोडे लिहून ठेवले आहे, पण जे लिहिले ते नेमके आहे. 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात ते सांगतात की आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हा ग्रंथ रचला. म्हणजे इ. स. १११४ आणि ११५०. गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर, तेच गुरू. गावाचे नाव विज्जडविड, आणि ते सह्य पर्वताच्या जवळ. काही पोथ्यांत 'विज्जलविड' असाही पाठ आहे. हे आपले पहिले विधान.

दुसरे विधान दगडावर आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला डोंगराच्या कुशीत पाटणे नावाचे गाव आहे, पाटणादेवीचे. तिथला शिलालेख मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली त्याविषयी लिहिले. हे तेच भाऊ दाजी, पेशाने डॉक्टर, आणि रोग्यांतून वेळ काढून शिलालेख आणि पोथ्या शोधत हिंडणारे. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ दिली आहे : त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वरांचे पुत्र आपले भास्कराचार्य. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादवराजा जैत्रपालाच्या दरबारी होते आणि नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी. या चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव या सामंताने त्याला देणगी दिली. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण शेवटी बाजारातून मठाला कोणी काय द्यायचे हे सांगताना लेख जुन्या मराठीत उतरतो. मला त्या ओळींचे फार अप्रूप वाटते. वंशाचे गुणगान संस्कृतात, पण देण्याघेण्याचा व्यवहार लोकांना कळेल अशा बोलीत.

(एक गंमत सहज सांगतो. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळात १२०४ साली उभी राहिली. पाटण्याचा लेख तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच धाकटा. दोन्हीकडे छिन्नी-हातोड्याचा आवाज जवळपास एकाच वेळी होत होता.)

तिसरे विधान नावाच्या साम्यातून येते. विज्जडविड, विज्जलविड, बिज्जल, बिजापूर. ऐकायला गोड आहे, आणि आपल्या देशात अनेक पाठ्यपुस्तकांतून आणि इंग्रजी चरित्रकोशांतून तेच गेली शंभर-दीडशे वर्षे चालत आले. बिजापूरचे नाव २०१४ साली, बेळगावबरोबरच, सरकारी कागदांवर बदलून विजयपुर झाले; ते चालुक्यांच्या काळचे जुने नाव होते. म्हणजे १११४ साली त्या गावाला विजयपुर म्हणत असतील, तर भास्कराचार्यांनी विज्जडविड का लिहावे? काही जण कलचुरी राजा बिज्जलाशी नाते जोडतात, पण तो सत्तेवर आला तो भास्कराचार्यांचे वय चाळिशीच्या पुढे गेल्यावर. शिवाय बिजापूर मोकळ्या मैदानात आहे, सह्याद्री तिथून दिसतही नाही.

आता पाटण्याच्या बाजूने पाहा. सह्याद्रीची एक रांग, सातमाळा-अजिंठ्याची, पूर्वेकडे वळते. पाटणे तिच्याच कुशीत आहे. 'सह्याजवळ' हे वर्णन तिथे बसते. सतराव्या शतकातले टीकाकार मुनीश्वर हे विज्जडविड महाराष्ट्रात, गोदावरीपासून फार दूर नाही, असे सांगतात. हा साक्षीदार पाचशे वर्षांनंतरचा, हे विसरता येत नाही, तरी तो नावसाम्याहून बरा. पण मूळ लेखात भास्कराचार्य पाटण्यास जन्मले असा एक शब्दही नाही. नातवाने जिथे मठ काढला ते आजोबांचे जन्मगाव असलेच पाहिजे, असे म्हणायचे झाले तर आपल्यापैकी किती जणांचे आजोबा पुण्यात आणि बंगळुरात जन्मले म्हणावे लागेल!

हे सगळे मी एका कागदावर मांडले, परीक्षेच्या पद्धतीने. प्रश्न : भास्कराचार्यांचे जन्मगाव आज कोणते? पहिले विधान पुरत नाही, कारण विज्जडविड नावाचे गाव आज नकाशावर कोणी बोटाने दाखवू शकत नाही. दुसरे पुरत नाही. दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. पर्याय पाचवा. माझ्याच हाताने रंगवून घेतलेली ओळ चुकीची होती असे मी म्हणत नाही. ती बरोबरही असेल. पण जो विद्यार्थी वर्ग १६ वरून ४ उत्तर लिहितो, त्याचेही उत्तर कधी कधी बरोबर येतेच; तरी आपण त्याला गुण देत नाही.

मला खरी लाज वाटली ती मात्र पुढे, भास्कराचार्यांचे 'बीजगणित' उघडल्यावर. हा 'सिद्धान्तशिरोमणी'चाच दुसरा भाग, पहिला 'लीलावती'. १८१७ साली कोलब्रूक या इंग्रज पंडिताने दोन्हींचे भाषांतर लंडनमध्ये छापले, आणि त्यामुळे ते युरोपात पोहोचले. माझी समजूत होती की पुरेशी माहिती वगैरे प्रकार हा आजच्या परीक्षा घेणाऱ्यांचा शोध आहे. पुस्तक उघडून पाहतो तर आठशे वर्षांपूर्वीचा हा माणूस तेच करीत बसलेला.

त्यांचे एक उदाहरण वानरांचे आहे. वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेले बारा टेकडीवर ओरडत आहेत. तर कळपात वानर किती? समीकरण मांडले की वर्गसमीकरण होते आणि दोन उत्तरे येतात, ४८ आणि १६. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. जमते. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. हेही जमते. भास्कराचार्य दोन्ही उत्तरे देतात आणि दोन्ही ठेवतात. दिलेल्या माहितीत या दोघांपैकी एकाला बाहेर काढणारे काही नाही, म्हणून ते काढत नाहीत. आजच्या परीक्षेत ते 'माहिती पुरेशी नाही' असेच लिहिते झाले असते.

लगेच दुसरे उदाहरण येते. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरेल त्याचा वर्ग गुहेत गेला, एक वानर फांदीवर दिसतो, एकूण किती? इथेही दोन उत्तरे, ५० आणि ५. ५० चा पाचवा भाग १०, तीन वजा जाता ७, वर्ग ४९, अधिक १. बरोबर. ५ चा पाचवा भाग १, त्यातून तीन गेले तर उणे २, त्याचा वर्ग ४, अधिक १ म्हणजे ५. आकड्यांच्या हिशेबाने हेही बरोबर! पण इथे आचार्य थांबतात आणि दुसरे उत्तर सोडून देतात. कारण सांगतात : एकातून तीन वानर वजा करायचे कसे, व्यवहारात लोकांना ते पटत नाही. एकाच पानावर दोन उदाहरणे, दोन्हींत दोन-दोन उत्तरे, आणि एका ठिकाणी दोन्ही ठेवली, दुसऱ्या ठिकाणी एक सोडले, तेही कारण सांगून. 'पूर्णांक आहे' या शब्दांसारखेच 'हे वानर आहेत' ही इथली माहिती आहे, आणि तिनेच निकाल लागतो.

'लीलावती'तले अर्जुनाच्या बाणांचे उदाहरण पुष्कळांना ऐकून माहीत असेल. कर्णाला मारण्यासाठी अर्जुनाने काही बाण घेतले. अर्ध्यांनी कर्णाचे बाण अडवले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे मारले, सहांनी शल्याला, तिघांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य, आणि एकाने शिर. उत्तर १००. अर्धे ५०, मूळ १० ची चौपट ४०, आणि उरलेले १०. हे मी मुलांना नेहमी देतो, पण त्यात एक खोडी करतो. मूळ ऋण घेतले तर चालेल काय, असे विचारतो. मग मूळ उणे २, एकूण बाण ४ असेही उत्तर निघते : अर्धे २, वजा ८, अधिक १०, झाले ४. मुले आधी चकित होतात, मग हसतात, आणि मग त्यांतला एखादा म्हणतो, उणे आठ बाणांनी घोडे कसे मारणार सर. झाले, माझे काम झाले.

भास्कराचार्य एका ठिकाणी हेही सांगतात की धन आणि ऋण दोन्हींचे वर्ग धनच होतात, म्हणून धन संख्येला दोन मुळे असतात, आणि ऋण संख्येला मूळ नसते, कारण ती कोणाचाच वर्ग नाही. दोन, किंवा काहीच नाही. त्यांच्या तीनशे वर्षे आधी, नवव्या शतकात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रहा'त ऋण संख्येच्या मुळाविषयी असेच म्हटले होते. महावीराचार्य राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळचे. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. आपल्या रायबागकडचा म्हणून सांगितला जाणारा राजादित्य नावाचा जैन कवीही बाराव्या शतकातलाच; त्याने 'व्यवहारगणित' कन्नडमध्ये लिहिले. हे मला माझ्या ओळखीच्या एका कन्नड शाळेतल्या गणिताच्या सरांनी सांगितले. बेळगाव जिल्ह्यात इतकी वर्षे गणित शिकवून मला राजादित्याचे नाव माहीत नव्हते, आणि त्यांना पाटण्याच्या शिलालेखाची अखेर मराठीत आहे हे माहीत नव्हते.

त्या सरांशी बोलताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आम्ही दोघांनी आपापली नववी-दहावीची पुस्तके समोर ठेवली. त्यांचे बीजगणित, आमचे बीजगणित. त्यांचे समीकरण, आमचे समीकरण. वर्ग, घन, घातांक, सगळे तेच. आमचे वर्गमूळ, त्यांचे वर्गमूल. ज्या मुळाचा शेवट पूर्णांकात होत नाही, जसे २ चे वर्गमूळ, त्याला आम्ही करणी म्हणतो आणि तेही करणीच म्हणतात. भास्कराचार्यांच्या पुस्तकातही करणीच आहे. २ आणि ८ या करणींची बेरीज १८ ची करणी होते, हे त्यांचे उदाहरण दोन्ही भाषांतल्या मुलांना जसेच्या तसे देता येते. आणि ३ व ७ या करणींचे काय, असे विचारून ते सांगतात की या एकत्र होत नाहीत. शेजारी-शेजारी लिहून ठेवाव्या.

बीजगणितातला सर्वांत अवघड भाग मी शाळेत शिकवत नाही, पण इथे सांगतो. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला तर तोही पूर्ण वर्ग व्हावा. तर त्या संख्या कोणत्या? अज्ञाते दोन आणि समीकरण एक. एरवी ही माहिती अपुरीच, कसलेही अपूर्णांक घालून उत्तरे काढत बसता येईल. पण पूर्णांकच हवेत म्हटले की प्रश्नाला कडक शिस्त येते. भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने सर्वांत लहान उत्तर काढले : २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. हाच ६१ चा प्रश्न १६५७ साली फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या काळच्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला. त्याला पाचशे वर्षांपूर्वीचे हे उत्तर माहीत असण्याचे कारण नव्हते.

जो माणूस 'पूर्णांक' या एका अटीवर एवढा मोठा डोंगर तोलून धरतो, आणि वानरांच्या दोन उत्तरांपैकी एकही कारणाशिवाय खोडत नाही, त्याच्याच नावाखाली मी एका ओळीत गाव लिहून टाकले होते. बिजापूर लिहिणाऱ्यांनीही तेच केले, पण त्यांचे त्यांनी पाहावे.

लीलावतीचेच घ्या. ती भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकल्याने टळला आणि तिच्या सांत्वनासाठी ग्रंथ लिहिला, ही गोष्ट मी शेकडो मुलांना सांगितली आहे. ती गोष्ट येते अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून, चारशेहून जास्त वर्षांनी. ग्रंथात लीलावतीला कधी 'बाले' म्हटले आहे आणि वाचणाऱ्याला कधी 'सखे' अशी हाकही आहे. मुलगी होती की नव्हती? पर्याय पाचवा. गोष्ट मी अजूनही सांगतो. फक्त आधी सांगतो की ही फैजीची गोष्ट आहे.

आता कोणी म्हणेल, हेडमास्तर, सीमाभागात राहून हे काय आरंभले? आपला एक माणूस तेवढा हातचा घालवता काय? मला हे माझ्या घरातूनही ऐकावे लागले. माझे म्हणणे असे आहे. 'भास्कराचार्य महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे?' या प्रश्नातच एक अज्ञात लपलेले आहे. ते जन्मले तेव्हा, १११४ साली, कल्याणीच्या चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य राज्य करीत होता. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. खानदेशातले यादव तेव्हा त्याचेच मांडलिक होते. यादवांचे लेख मराठीतही सापडतात आणि कन्नडमध्येही. ज्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे असे आपण विचारतो, ती रेषा १ नोव्हेंबर १९५६ ची आहे. बाराव्या शतकातल्या माणसाला ती लावणे म्हणजे ऋण संख्येचे वर्गमूळ विचारणे. उत्तर चूक की बरोबर हा प्रश्नच उद्भवत नाही.

आपला सीमाप्रश्न वेगळा. त्याची माहिती वेगळी आहे : खेडे हा घटक, शिरगणतीतली भाषा, लोकांची इच्छा, भौगोलिक सलगता. १९६७ चा महाजन अहवाल त्यातल्या कशाला किती वजन द्यायचे यावरूनच वादात सापडला, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. त्या खटल्यात आपली बाजू भक्कम आहे असे मी मानतो आणि ते लपवत नाही. पण भास्कराचार्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केल्याने ती भक्कम होत नाही. उलट समोरच्या वकिलाला फक्त एवढेच विचारावे लागेल, विज्जडविड कुठे आहे दाखवा.

आणि या माहितीला पुरून उरतील असे प्रश्न पुष्कळ आहेत. भास्कराचार्य सह्याद्रीच्या परिसरातले होते काय? होय. त्यांचा मुलगा आणि नातू यादवांच्या पदरी होते काय? होय. त्यांचे ग्रंथ त्यांच्यामागे एका पिढीच्या आत खानदेशात, मराठी बोलणाऱ्या लोकांच्या बाजारपेठेतून आलेल्या पैशावर शिकवले जाण्याची सोय झाली काय? होय, दगडावर लिहून आहे. मराठी माणसाने मान ताठ करायला हे थोडे आहे काय? मला तर ते नुसत्या जन्मगावापेक्षा जास्त वाटते. जन्म कुठेही होतो; आजोबांची पुस्तके शिकवायला मठ काढावा लागतो.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले. तोवर ती बँकेची पूर्वपरीक्षा पास झाली होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग भिंत कधी रंगवताय सर?"

गेल्या उन्हाळ्यात सभागृहाला रंग काढला तेव्हा भिंतही नवी करून घेतली. रंगारी वडगावातलाच, साडीच्या दुकानांच्या पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये सारख्याच हाताने काढणारा. मी त्याला चिठ्ठी दिली : 'भास्कराचार्य. जन्म शके १०३६. विज्जडविड, सह्याद्रीजवळ.' त्याखाली कन्नडमध्ये तेच, त्या कन्नड सरांकडून तपासून घेतलेले. रंगाऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

"जिल्हा लिहिला नाही ओ सर."

"जिल्हा नको."

"बाकी सगळ्यांना आहे. इथे जागा मोकळी दिसतीय."

"राहू दे मोकळी," म्हणालो. त्याने खांदे उडवले, शिडी सरकवली आणि पुढचे नाव रंगवायला घेतले.